कायदे करणाऱ्यांची शाळा

घराबाहेरचे पाण्याचे मीटर चोरीला गेले, तर नव्या मीटरचा खर्च कोणी सोसायचा? ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराच्या नगरपरिषदेपुढे २०२३ साली हा अगदी घरगुती प्रश्न आला. हा भुर्दंड नागरिकांवर पडू नये, असा प्रस्ताव रामिरो रोझारियो या नगरसेवकांनी मांडला. सभागृहाने तो एकमताने मंजूर केला. कायदा झाल्यावर रोझारियो यांनी जाहीर केले, की मसुदा त्यांनी लिहिलेलाच नव्हता! चॅटजीपीटी या संगणकप्रणालीला त्यांनी ४९ शब्दांची सूचना दिली होती आणि काही सेकंदांत मसुदा तयार झाला होता. त्यात एक शब्दही न बदलता त्यांनी तो आपल्या ३५ सहकाऱ्यांपुढे ठेवला होता.

परिषदेच्या अध्यक्षांनी आधी याला धोकादायक पायंडा म्हटले, पुढे त्यांचे मत बदलले. कायदा वाईट नव्हता, हे खरेच. पण आपल्याला भेडसावणारा प्रश्न वेगळा आहे. मसुदा कोठून आला, हे सभागृहात कोणी विचारलेच नाही. उद्या असाच मसुदा आपल्या रेशनकार्डाबद्दल किंवा निवृत्तिवेतनाबद्दल आला, तर?

यंत्र चुकते कसे?

कृत्रिम बुद्धिमत्तेची ही यंत्रे अफाट मजकूर वाचून एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, याचा अंदाज बांधतात. म्हणून त्यांची भाषा सफाईदार असते. माहिती मात्र खरी असेलच असे नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी अशा यंत्राने दिलेले खटल्यांचे दाखले न्यायालयात सादर केले. ते खटले कधी झालेच नव्हते! न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड ठोठावला.

वकिलाची चूक न्यायालयात पकडली गेली. पण खासदाराच्या भाषणातील चूक कोण पकडणार? खासदार पुष्कळदा बोलतात ते त्यांच्या साहाय्यकाने काढलेल्या टिपणावरून. म्हणून शिक्षण नुसत्या नेत्यांना देऊन भागणार नाही. टिपणे काढणारे, ग्रंथालयात संदर्भ शोधणारे, भाषांतर करणारे आणि इतिवृत्त लिहिणारे या सर्वांना ते हवे.

एका शब्दाची किंमत

आपल्या संसदेतही ही यंत्रे आली आहेत. ‘संसद भाषिणी’ या उपक्रमासाठी लोकसभा सचिवालय आणि इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय यांच्यात मार्च २०२५ मध्ये करार झाला. संसदेची कागदपत्रे अनेक भारतीय भाषांत वाचायला मिळणे, ही मराठी माणसाला आनंदाचीच गोष्ट आहे. पण ‘विधवेस साहाय्य देण्यात येईल’ आणि ‘विधवेस साहाय्य देता येईल’ या दोन वाक्यांकडे पाहा. पहिल्यात तिचा हक्क आहे, दुसऱ्यात अधिकाऱ्याची मर्जी. यंत्राने एवढीच गफलत केली आणि वाचणाऱ्याच्या लक्षात आली नाही, तर एका घरची चूल विझू शकते.

शिकायला वय आड येत नाही

‘या वयात आता संगणक कोण शिकणार?’ असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतील डॉन बायर यांचे उदाहरण पाहावे. मोटारविक्रीच्या व्यवसायातून राजकारणात आलेले हे खासदार २०२२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, जॉर्ज मेसन विद्यापीठात जाऊ लागले. विषय होता यंत्रांना शिकवण्याचे शास्त्र. तरुण विद्यार्थ्यांशेजारी बसून त्यांनी अगदी पायापासून सुरुवात केली.

प्रत्येक आमदार-खासदाराने पदवी घ्यावी, असे कोणी म्हणत नाही. स्वयंपाक येत नसला तरी जेवण करपले आहे, हे खाणाऱ्याला कळतेच. तेवढी जाण पुरे. जगभरातील संसदांच्या आंतर-संसदीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचाही भर प्रशिक्षणावर आणि माणसाच्या देखरेखीवर आहे. आपल्याकडे दिल्लीत संसदेची ‘प्राइड’ ही प्रशिक्षण संस्था आहे, मुंबईत विधानमंडळाचे वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. वर्ग भरवायला जागा आहे. बाकांवर बसण्याची इच्छा हवी.

आपण काय करावे?

लोकप्रतिनिधी गणेशोत्सवात मंडळाला भेट देतात, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला येतात. हार-तुरे झाले, की त्यांना चार प्रश्न जरूर विचारा. सरकारी कामात वापरले जाणारे यंत्र कोणत्या माहितीवर शिकले? आमची माहिती त्यातून कोठे जाते? ते चुकले, तर दाद कोणाकडे मागायची? आणि शेवटी कागद वाचून सही करणारा माणूस कोण?

उत्तर लगेच मिळाले नाही तरी हरकत नाही. ‘माहीत नाही, शिकून सांगतो’ असे म्हणणारा लोकप्रतिनिधी भेटला, तर शाळेचा पहिला तास सुरू झाला असे समजावे.