इमारत सी-१ कशी ठरते?

पावसाळा तोंडावर आला की मुंबई महापालिका सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकाम्या करून पाडायच्या इमारतींची यादी जाहीर करते. २०२४ मध्ये त्या यादीत १८८ इमारती होत्या. त्यांपैकी ११४ पश्चिम उपनगरांत, ४७ पूर्व उपनगरांत आणि शहरात फक्त २७. शहरातल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची यादी म्हाडा वेगळी काढते, हे धरूनही उपनगरांचा आकडा छातीत धस्स करणारा आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या कितीतरी सोसायट्यांनी आता चाळिशी-पन्नाशी गाठली आहे.

यादीचा उपयोग होतो. बोरिवलीच्या साईबाबा नगरातली ‘गीतांजली’ १९ ऑगस्ट २०२२ रोजी कोसळली, पण धोकादायक ठरवून ती आधीच रिकामी केलेली होती, म्हणून माणसं वाचली. घाटकोपरची ‘सिद्धीसाई’ मात्र यादीत नव्हती. २५ जुलै २०१७ रोजी ती कोसळली आणि १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला.

मला सगळ्यांत अस्वस्थ करते ती कुर्ल्याच्या नाईक नगरमधली इमारत. तिला २०१३ मध्येच नोटीस गेली होती. पुढे खासगी स्ट्रक्चरल ऑडिटच्या आधारे ती दुरुस्तीयोग्य म्हणजे सी-२ ठरली, लोक राहत राहिले आणि जून २०२२ मध्ये १९ जण ढिगाऱ्याखाली मेले. अहवाल बदलला होता. खांब तेच होते.

म्हणून सी-१, सी-२ या अक्षरांपेक्षा त्यांच्यामागच्या चाचण्या पाहायला हव्यात. ताज्या काँक्रीटमध्ये अल्कधर्मी गुण असतो आणि तोच आतल्या सळईला गंजण्यापासून सांभाळतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं मुरत जातो, तसा हा गुण बाहेरून आत संपत जातो. इंजिनीअर खांबातून काँक्रीटची गोल कांडी कापून काढतो आणि तिच्यावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारतो. सुदृढ काँक्रीट गडद गुलाबी होतं, थकलेलं तसंच राखाडी राहतं. बिनरंगाचा हा थर सळईपर्यंत पोहोचला की गंजाला रान मोकळं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून काँक्रीट फोडतो आणि स्लॅबचे पोपडे पडू लागतात. टॉयलेटची गळती आणि समुद्राची खारी हवा हे काम आणखी लवकर उरकतात. अशा वेळी वरून प्लास्टर मारून रंग लावणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

ही कांडी काढली नसेल, अल्ट्रासोनिक चाचणी झाली नसेल, सळईची गंजस्थिती मोजली नसेल, तर नुसत्या डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या ऑडिटवर शेकडो जिवांचा निर्णय सोडू नये. पुनर्विकासाची घाई असलेल्या मालकाला सी-१ हवं असतं, घर सुटण्याच्या भीतीने भाडेकरूला सी-२. दोघांची भीती खरी आहे. पण ज्याला ठरावीक उत्तर हवं आहे, त्यानेच नेमलेल्या ऑडिटरचा शब्द अंतिम कसा मानायचा? दोन अहवाल परस्परविरोधी आले की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. ते तिथे लवकर जावं आणि चाचण्यांचे आकडे प्रत्येक रहिवाशाला मिळावेत. आज अनेक सोसायट्यांत हा अहवाल सचिवाच्या कपाटात पडून असतो आणि सभासदांना त्याचं फक्त शेवटचं पान दिसतं. हे थांबलंच पाहिजे.

महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार इमारतीला तीस वर्षं झाली की ऑडिट बंधनकारक आहे, आणि त्यानंतर दर दहा वर्षांनी. तुमच्या सोसायटीचं झालं आहे का, हे येत्या सर्वसाधारण सभेत विचारा आणि पूर्ण अहवाल मागा. खाली कुणी दुकानाचं किंवा दवाखान्याचं नूतनीकरण काढलं असेल, तर खांब आणि बीम शाबूत आहेत ना, हे स्वतः जाऊन बघा. भाडेकरू असाल आणि घर रिकामं करायची वेळ आली, तर जागेच्या मोजमापाची नोंद लेखी घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. पुढच्या हक्काचा तो पुरावा आहे. आणि खांबाला नवा तडा दिसला, दारं-खिडक्या अचानक अडकू लागल्या, तर सभेची वाट न पाहता घराबाहेर पडा आणि महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर फोन करा.