‘तासात अहमदाबाद’ : डहाणूकरांनी आधी हा हिशेब मांडावा

लग्नसराई आली की डहाणू-तलासरीत एक वाक्य हमखास कानावर पडतं : “रेल्वेत कशाला ताटकळायचं? विमानाने तासात अहमदाबाद!” त्याला जोडून दुसरं : “अंतर साडेचारशे किलोमीटर, विमान ताशी आठशेने जातं. अर्ध्या तासाचं काम, कंपन्या उगाच सव्वा तास लिहितात.” दोन्ही चूक. आणि या चुकीपायी लोकांचे पैसेही जातात, दिवसही जातो.

मुंबई आणि अहमदाबाद या विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे 443 किलोमीटर आहे. ते सरळ रेषेतलं. विमान तसं उडत नाही. मुंबईहून ते बहुतेकदा पश्चिमेला, समुद्राकडे उठतं आणि मग उत्तरेला वळतं. उतरताना धावपट्टीच्या रेषेत यायला पुन्हा वळसा. त्यात दहा हजार फुटांखाली साधारण ताशी 460 किलोमीटरची वेगमर्यादा. एवढ्या जवळच्या प्रवासात निम्म्याहून अधिक वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. आठशेचा वेग मिळतो तो थोडाच वेळ.

तिकिटावरचा सव्वा तास तर नुसता हवेतला नसतोच. चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं की वेळ सुरू होते, पलीकडे थांबून ठोकळे लागले की संपते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि विमानांची रांग लागते. ती रांगही त्या सव्वा तासात धरलेली असते. यात फसवणूक कसली?

आता घरापासून मोजा. डहाणू रोड ते अंधेरी लोकलने दोन तासांहून जास्त. पुढे रिक्षा. सामान घेण्याची खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते, म्हणजे दीड तास आधी पोचायलाच हवं. मग तो सव्वा तास, आणि उतरल्यावर बाहेर पडायला अर्धा. झाले सहा तास! वर मुंबई-अहमदाबादची सरळ रेषा डहाणू तालुक्यावरूनच जाते. म्हणजे शंभर किलोमीटर दक्षिणेला जायचं आणि तेवढंच हवेतून परत यायचं. डहाणू रोडहून थेट एक्स्प्रेस मिळाली तर रेल्वे जवळपास तेवढ्याच वेळात नेते. तलासरीकरांना तर वापी हाताशी आहे. तिथे थांबणारी वंदे भारत साडेतीन तासांच्या आसपास अहमदाबाद गाठते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. विमानाचं अंतर ‘मैलां’त दिलं असेल तर ते सागरी मैल आहेत का ते पाहा, सागरी मैल 1.852 किलोमीटरचा, साधा 1.609 चा. लंडनला जाताना परतीपेक्षा जास्त वेळ लागतो तो पृथ्वी फिरते म्हणून नव्हे, उंचावरच्या पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांमुळे. दमणचा विमानतळ जवळ आहे खरा, पण तो तटरक्षक दलाचा तळ आहे. आणि तलासरीला मुंबईच जवळ, हेही खरं नाही. सरळ रेषेत मुंबई आणि सुरत हे दोन्ही विमानतळ तिथून साधारण 110 ते 115 किलोमीटरवर आहेत. दूरच्या शहराचं तिकीट काढण्याआधी तलासरीकरांनी सुरतहून निघणारी विमानंही एकदा तपासावीत.