एक जूनचा वाढदिवस

आपल्या गावात पन्नाशीच्या पुढची दहा माणसे एकत्र बसवा आणि त्यांच्या दाखल्यावरची जन्मतारीख विचारा. निम्म्यांची तरी १ जून निघेल. प्रस्तुत लेखकाचीही तीच आहे. हा काही ग्रहांचा योग नव्हे. पूर्वी मूल शाळेत घालायला नेले, की गुरुजी वय विचारीत. आई सांगे, "बहात्तरच्या दुष्काळात झाला," नाहीतर "भातकापणी चालली होती तेव्हा." शाळा जूनमध्ये उघडायची. पटावर घ्यायचे तर सहा वर्षे पुरी हवीत. गुरुजी अंदाजाने साल धरीत आणि पुढे १ जून लिहून मोकळे होत. म्हणून आजही सरकारी कचेऱ्यांत ३१ मे रोजी निरोपसमारंभांची गर्दी असते. १ तारखेला जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे.

आमच्या वसई भागात ख्रिस्ती घरांतल्या मुलांच्या बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या वहीत होई. त्यामुळे त्यांची तारीख सहसा चुकत नसे. बाकीच्यांचे वय तुफान, पूर आणि दुष्काळ यांवरून मोजले जाई. आता तसे चालत नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलाच्या जन्मतारखेला जन्मदाखला हाच पुरावा धरला जातो. घरात बाळ आले, की २१ दिवसांच्या आत नोंद करा. एवढे काम तरी पुढे ढकलू नका.

मग या खोट्या म्हणा, उसन्या म्हणा, वाढदिवसाचे करायचे काय? शेतकऱ्याच्या दृष्टीने ही तारीख मोठी सोयीची आहे. यानंतर आठवड्याभरात मृग निघतो. राब भाजून झालेले असतात, बी निवडून ठेवलेले असते. पेरणी अंगावर येण्याआधी चार दिवस थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत आपण अवजारे पाहतो, बांध पाहतो, बैलाचा खूर पाहतो. ज्याच्या जोरावर हे सगळे चालते तो देह आणि ते मन मात्र कोणी पाहत नाही.

एका वाडीत भाजीच्या जुड्या बांधत बसलेल्या काकींना मी सहज विचारले, "काकी, तुमचा वाढदिवस कधी असतो?" त्या हसून म्हणाल्या, "साहेब, वाढदिवस पोरांचा असतो. आम्हां बायांचा कसला?" या बायका पहाटेच्या गाडीने मुंबईला भाजी नि फुले नेतात. हिरवीगार माठाची जुडी गिऱ्हाइकाला, पिवळी पाने घराला, आणि त्या पानांची भाजीही सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरली तर त्यांना! २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. माठ पिकवणाऱ्या घरातल्या बाईचे रक्त कमी असावे, याहून उलटा न्याय कोणता?

स्वतःवर माया करावी असे म्हटले, की आपल्याकडे लोकांना संकोच वाटतो. हा आपमतलबीपणा वाटतो. पण वाडीतले बावखल आठवून पाहा. वसईच्या वाड्यांतली ही तळी पावसाळ्यात आधी स्वतः भरून घेतात. ते पाणी जमिनीत मुरते, आजूबाजूच्या विहिरींना पुरते आणि उन्हाळ्यात केळी-पानवेलीला उपयोगी पडते. कोणी बावखलाला स्वार्थी म्हणत नाही. उलट ज्यांनी बावखले बुजवली आणि वर पंपाने उपसा वाढवला, त्यांच्या विहिरी आटू लागल्या. खाडीलगत तर गोडे पाणी ओढून संपले, की खारे पाणी आत शिरते. माणसाचेही असेच आहे. सतत उपसा आणि भरणा मुळीच नाही, असे झाले की स्वभावात खारटपणा येतो. घरात चिडचिड होते, बापाचा शब्द मुलाला लागतो, सासूचा सुनेला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

केळीचेही उदाहरण घ्या. खुंटाभोवती मुनवे फुटतात. सगळेच राखले तर मूळ झाडाचे अन्न ते खातात आणि घड बारीक पडतो. म्हणून आपण कोयता घेऊन मुनवे काढतो, एखादाच राखतो. आपल्याभोवतीही असे मुनवे पुष्कळ असतात. न पेलणारे मानपान, कर्ज काढून केलेले लग्नखर्च, भावकीतली जुनी तेढ. वर्षातून एकदा तरी कोयता चालवायला हवा.

आमच्या भागात आणखी एक मोठा मुनवा आहे, तो म्हणजे तुलना. वसई-विरार महापालिका २००९ साली झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती १२ लाखांवर गेली. शेजाऱ्याने जमीन विकली, तिथे इमारत उठली, आणि वाडी राखणारा स्वतःला मागे पडलेला समजू लागला. तौक्ते वादळाने मे २०२१ मध्ये केळी आडव्या केल्या, तेव्हा तर अनेकांची उमेद खचली. पण माणसाची किंमत गुंठ्याच्या भावाने ठरत नाही. पडलेल्या बागेत पुन्हा लावणी करणारा माणूस मागासलेला कसा?

वाढ म्हणजे काय, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ यांचा जन्म १९१० सालचा. बालपणीच लग्न आणि लगेच वैधव्य. त्या काळी अशा मुलीने स्वतःचा विचार करणे हाच गुन्हा होता. अनुताईंनी मात्र आपल्या आयुष्याला मोल आहे असे मानले. शिक्षिकेची नोकरी सांभाळून पुढचे शिक्षण घेतले. १९४५ साली त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जन्मभर राबल्या. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्वतःला जपले, वाढवले, म्हणून शेकडो मुलांना देण्याजोगे त्यांच्यापाशी काही साठले.

तेव्हा येत्या १ जूनला, किंवा ज्याची जी तारीख असेल त्या दिवशी, चार गोष्टी करा.

पहिली, मातीपरीक्षण करता तसे देहाचे परीक्षण करा. तिशीपुढच्या स्त्री-पुरुषांचा रक्तदाब आणि साखर उपकेंद्रात फुकट तपासतात. बायकांनी रक्ताचे प्रमाणही पाहून घ्यावे.

दुसरी, त्या दिवसापासून घरच्या बाईने सगळ्यांबरोबर जेवायला बसावे. पहिली ताजी जुडी घरासाठी काढावी, भाजीवर लिंबू पिळावे. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही.

तिसरी, वर्षभरात एक नवी विद्या शिका. कलम बांधणे असो, जमाखर्च लिहिणे असो, की पोहणे.

चौथी, मनावर ओझे असेल तर ते बोला. घरी बोलता येत नसेल, तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते. त्यात कमीपणा नाही. पिकावर कीड पडली की आपण सल्ला घेतोच ना?

आणि हो, घरातल्या ज्या माउलीची तारीख कोणालाच ठाऊक नाही, तिच्यासाठी एक दिवस ठरवा. मुलांनी तिला पाटावर बसवून ओवाळावे. गुरुजींनी आपल्याला एक तारीख दिली, तशी आपण तिला देऊ या.