घोड्याच्या सांधेदुखीचा माग : अॅक्युपंक्चर बिंदूंची तपासणी

घोडा लंगडू लागला, तरी नेमका कोणता सांधा दुखतो हे ते मुके जनावर सांगू शकत नाही. अशा वेळी काही पशुवैद्यक अॅक्युपंक्चरच्या बिंदूंचा आधार घेतात. चीनमध्ये अश्वचिकित्सेतील ही विद्या जुनी असून यू बंधूंच्या १६०८ सालच्या ग्रंथात तिचे विवेचन आढळते.

या तपासणीत सुई टोचत नाहीत. सुईचे टोपण किंवा बोटाचे टोक मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत सारख्या दाबाने फिरवले जाते. एखाद्या बिंदूवर स्नायू थरथरला, कान मागे पडले किंवा घोडा चावायला वळला, तर तो बिंदू हळवा समजतात. दुखरा सांधा वाचवण्यासाठी घोडा चाल बदलतो आणि पाठीच्या, मानेच्या स्नायूंवर ताण येतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

मात्र नीट न बसणाऱ्या खोगिरामुळेही पाठ दुखू शकते. म्हणून संशयित सांधा काही काळ वाकवून धरून मग घोड्याला दुडक्या चालीने पळवणे, भुलीचे इंजेक्शन देऊन त्या भागाची संवेदना थांबवणे आणि क्ष-किरण तपासणी या कसोट्या आवश्यकच ठरतात. केवळ बिंदूंवर विसंबून भलत्याच सांध्यावर उपचार झाले, तर मूळ दुखणे बळावण्याचा धोका असतो.