खिशातला पोटभाडेकरू

ज्यांनी कधीकाळी दोन खोल्यांतली एक पोटभाडेकरूला दिली असेल, त्यांना पुढची हकीकत फोड करून सांगायला नको. पोटभाडेकरू येतो तेव्हा मोठा सज्जन असतो. एक ट्रंक, एक वळकटी आणि 'दोन महिन्यांचाच प्रश्न आहे हो', एवढेच त्याचे सामान. पुढे त्याची सायकल जिन्याखाली येते, लोणच्याची बरणी आपल्या फळीवर येते, आणि एके दिवशी दाराला कडी केव्हा लावायची हे तो आपल्यालाच सांगू लागतो.

हल्ली आपल्या मोबाइलमध्ये असाच एक पोटभाडेकरू राहतो. त्याचे नाव कचेरी.

पूर्वी ज्या साहेबलोकांना खिशात कामाचे ई-मेल लागत, त्यांना कचेरीच ब्लॅकबेरी फोन घेऊन देई. फोन कचेरीचा, किल्लीही कचेरीची. तंट्याला जागाच नव्हती. २००७ साली ॲपलचा आयफोन निघाला, पाठोपाठ अँड्रॉइडचे फोन आले, आणि साहेबांच्या फोनपेक्षा कारकुनाचा फोन सरस, असा चमत्कार घडला. लोक आपापले फोन घेऊन कामावर येऊ लागले. कचेऱ्यांनी प्रथम नाक मुरडले, मग हिशेब केला. फोनचे पैसे वाचतात आणि माणूस रात्री दहालाही सापडतो! वळकटी आत आली ती अशी.

कचेरीची धास्ती मात्र खोटी नाही. बँकेतल्या एखाद्या गृहस्थाच्या फोनमध्ये काय काय असते? ग्राहकांच्या पॅन आणि आधार कार्डांचे फोटो, कर्जाची प्रकरणे, कोणाचा चेक परत आला त्याची यादी. हा फोन दादरच्या गर्दीत खिशातून गेला, तर ज्यांना हा गृहस्थ ठाऊकही नाही अशा शेदोनशे संसारांची कागदपत्रे परक्याच्या हाती पडतात. आमच्या मास्तरकीतही तेच. गुणांच्या याद्या, प्रश्नपत्रिकांचे कच्चे खर्डे, विद्यार्थिनींचे नंबर, हे सारे आता कपाट सोडून फोनमध्ये राहायला आले आहे.

शिवाय आपल्याकडे फोन एकट्याचा नसतोच. एक माणूस, एक फोन, असे तो बनवणाऱ्यांनी धरलेले असते. आपल्या घरात तो पाण्याच्या माठासारखा, ज्याला तहान लागेल त्याने घ्यावा. आजी त्यावर कीर्तन ऐकते, चिरंजीव खेळ खेळतात, आणि खेळता खेळता वडिलांच्या साहेबांना तीन माकडांची चित्रे पाठवून देतात. अशी एक तरी हकीकत प्रत्येक इमारतीत ऐकायला मिळते.

म्हणून कचेऱ्या फोनवर बंदोबस्त ठेवतात. त्याची तऱ्हा अशी : कचेरीचे एक ॲप, किंवा 'प्रोफाइल' नावाची परवानगीची चिठ्ठी, तुमच्या फोनमध्ये बसवतात. मग कचेरीतल्या संगणकावरून हुकूम सुटतो, आणि इंटरनेट मिळाले की फोन तो पाळतो. कुलूप चार आकड्यांचे नको, सहाचे हवे; अमुक ॲप ठेवा, तमुक काढा; फोन हरवला तर बंद करा; आणि शेवटचे ब्रह्मास्त्र, सगळे पुसून टाका. यातला सहा आकड्यांचा आग्रह मला सोळा आणे मान्य आहे. चार आकड्यांच्या जुळण्या १०,००० होतात, सहाच्या १० लाख. आणि आपण मंडळी चार आकडे म्हटले की जन्मसाल घालून मोकळे होतो!

वाद आहे तो ब्रह्मास्त्राचा. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी काही वर्षांपूर्वी नोकरी बदलली. जुन्या कचेरीचे ई-मेल त्यांनी स्वतःच्या फोनवर घेतले होते, आणि घेताना एका लांबलचक इंग्रजी मजकुराखालचे 'मान्य' हे बटण दाबले होते. तो मजकूर वाचतो कोण? राजीनाम्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी फोन कोरा. कचेरीच्या पत्रांबरोबर मुलीच्या बारशापासूनचे फोटो गेले, आणि बाईंच्या वडिलांनी हॉस्पिटलमधून पाठवलेले, त्यांच्या आवाजातले निरोपही गेले. वडील तिथून घरी परतले नव्हते. कचेरीने कळवले की, सर्व नियमानुसार झाले आहे. ते खरेही होते. तिथल्या व्यवस्थेला फोनमधले आपले आणि परके ओळखताच येत नव्हते. पुसायचे तर सगळेच. पोटभाडेकरूने बिऱ्हाड हलवताना घरमालकाचे देवघरही टेम्पोत घालून न्यावे, तसला हा प्रकार.

यावर उपाय निघालेला आहे. २०१४ साली अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीने फोनमध्ये पार्टिशन घालायची सोय आणली. कचेरीची ॲप्स एका बाजूला, ओळखू यावीत म्हणून त्यांच्या चित्रावर छोटीशी बॅग. घरची दुसऱ्या बाजूला. कचेरीच्या खोलीला वेगळे कुलूप लावता येते, म्हणजे चिरंजीवांची माकडे साहेबांपर्यंत पोहोचत नाहीत. आणि पुसायची वेळ आली तर कचेरीने आपलीच खोली झाडायची. ॲपलनेही २०१९ साली आयफोनला अशी सोय दिली. पण सोय आहे म्हणजे ती तुमच्या फोनमध्ये केलेली आहे, असे समजू नका. लहानसहान कचेऱ्यांतून पुष्कळदा सारा कारभार घरच्याच व्हॉट्सॲपवर चालतो, आणि तिथे ना भिंत ना दार.

बरे, बंदोबस्त कडक आहे म्हणून निश्चिंत व्हावे, तर तसेही नाही. सिंगापूरच्या शाळांतल्या मुलांच्या टॅबलेटांवर आणि लॅपटॉपांवर देखरेखीसाठी 'मोबाइल गार्डियन' नावाच्या कंपनीचे ॲप घातलेले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोणी घुसखोर त्या कंपनीच्याच यंत्रणेत शिरला, आणि २६ माध्यमिक शाळांतल्या सुमारे १३,००० मुलांची यंत्रे बसल्या जागेवरून पुसली गेली. तिथल्या शिक्षण खात्याने मग ते ॲपच काढून टाकायचे ठरवले. साऱ्या चाळीच्या किल्ल्या एका पहारेकऱ्याच्या कमरेला असल्या, की चोराला प्रत्येक कुलूप फोडावे लागत नाही.

आणि कायदा? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण याच कायद्यात मालकांसाठी एक दार उघडे आहे. नोकरीच्या कामासाठी, किंवा धंद्याची गुपिते फुटून मालकाचे नुकसान होऊ नये म्हणून, नोकराची माहिती त्याच्या संमतीवाचूनही वापरता येते. दार अरुंद आहे की ऐसपैस, हे पुढे न्यायालयांत ठरेल.

तोवर कचेरीने 'तुमच्या फोनमध्ये एवढे ॲप घ्या' म्हटले, तर बिचकू नये आणि मुकाट्याने घेऊही नये. लेखी विचारावे की, तुम्हाला काय दिसेल, काय पुसता येईल, आणि मी नोकरी सोडली तर तुमचे सामान कोण, कधी आणि कसे नेणार? साहेबांना राग आला तर येवो. चांगल्या कचेरीकडे याचे छापील उत्तर तयार असते. घरचे फोटो आणि निरोप दुसरीकडे उतरवून ठेवावेत. *#०६# दाबले की फोनचा १५ आकडी क्रमांक दिसतो, तो डायरीत लिहावा. फोन चोरीला गेल्यास पोलिसांत नोंद करून 'संचार साथी' या सरकारी सेवेवर तो बंद करवताना हाच क्रमांक लागतो.

दिवाळीच्या दिवसांत जुने फोन बरेच हात बदलतात, म्हणून आणखी एक गोष्ट. कचेरीने स्वतः विकत घेतलेले पुष्कळ फोन कंपनीच्या नावावर कायमचे नोंदवलेले असतात. ते संपूर्ण पुसले तरी पुन्हा सुरू करताना जुन्या मालकाचे नाव पडद्यावर येते आणि त्याचे हुकूम पुन्हा लागू होतात. भाच्यासाठी असा फोन घेत असाल, तर दुकानदाराला तो समोर पुसून, इंटरनेट जोडून सुरू करायला सांगा. पडद्यावर एखाद्या कंपनीचे नाव उमटले, तर पैसे पाकिटातच राहू द्या आणि शेजारच्या दुकानात जा.