रेवडीची कुस्ती आणि पिवळा पट्टा

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की ज्युदोच्या वर्गात पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीनंतर निम्मी चटई रिकामी दिसते. परीक्षेच्या दिवसांत तर शिक्षक आणि चार-दोन मुले एवढीच मंडळी उरतात. पालक म्हणतात, "आजकालच्या मुलांत चिकाटीच नाही." मी कवितेचा माणूस, ज्युदो कधी खेळलो नाही. पण माझी नात चार वर्षे नगरमध्ये हा खेळ शिकते आहे. तिला सोडायला-आणायला जाता जाता, चटईच्या कडेला बसून जे पाहिले, विचारले आणि वाचले, त्यावरून माझे मत वेगळे झाले. मोठ्या माणसांना पदकाची भाषा कळते. मुलाला मात्र रोज काहीतरी हाती लागावे लागते. ते लागेनासे झाले की मूल घरी बसते.

आधी खेळ समजून घेऊ. जपानच्या जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तोक्योतील एका बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या जागेत, मोजक्या शिष्यांना घेऊन ज्युदो सुरू केला. कानो अंगाने किरकोळ आणि पेशाने शिक्षक. समोरच्याच्या जोराला जोर लावण्यापेक्षा त्याचा तोल हलवायचा, ही त्यांच्या खेळाची किल्ली. 1964 मध्ये तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा समावेश झाला. महिलांना पदकासाठी खेळायला मात्र 1992 उजाडावे लागले.

या खेळाचा पहिला धडा म्हणजे पडणे. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोके आपटत नाही. पडता पडता हात चटईवर सपाट मारायचा, म्हणजे धक्का वाटला जातो. याला जपानीत उकेमी म्हणतात. पाठीवर, कुशीवर, पुढे लोळण घेत, असे मूल शेकडो वेळा पडते आणि उठते. पहिली गळती नेमकी इथेच होते. टीव्हीवर पाहिल्याप्रमाणे कोणाला तरी उचलून आपटायच्या हौसेने आलेले पोर महिनाभर स्वतःच पडत राहते आणि कंटाळते.

पण हा धडा आखडता घेता येत नाही. जपानमध्ये 1983 नंतरच्या तीनेक दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. त्यांत डोक्याला मार लागून गेलेले बरेच होते आणि नवशिके पुष्कळ होते. तेव्हा नव्या मुलाला जुन्या, वजनदार मुलासमोर उभे करणाऱ्या वर्गापासून पालकांनी दूरच राहावे. पडण्याचा सराव कमी करण्याऐवजी तो खेळकर करणे शिक्षकाच्या हाती असते. लोळण घेत चेंडू पकडणे, सोबत्याच्या पाठीवरून कोलांटी मारणे, आवाज न करता पडणे, अशा खेळांत मुलाला सराव चालल्याचे कळतही नाही. नातीचे सर दर शनिवारी एकाच मुलाला पुढे बोलावतात आणि त्याला काय नवे जमले ते सगळ्यांना दाखवायला लावतात. तेवढ्यासाठी मुले शनिवार चुकवत नाहीत.

आपल्या गावोगावच्या जत्रांना ही युक्ती फार आधीपासून ठाऊक आहे. जत्रेचा आखाडा मोठ्या मल्लांनी सुरू होत नाही. आधी चिल्लीपिल्ली मातीत उतरतात आणि त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात. मूठभर रेवड्या मिळालेले पोर छाती काढून घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी तालमीत हजर होते. चांदीची गदा अजून फार लांब आहे, याची त्याला फिकीर नसते.

ज्युदोत रेवडीचे काम रंगीत पट्टा करतो. कानो यांच्या सुरुवातीच्या काळात ही रंगांची शिडी नव्हती. पॅरिसमध्ये 1930च्या दशकात कावाइशी या जपानी शिक्षकाने ती रुळवली. पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी आणि शेवटी काळा. फ्रान्समध्ये लहान मुलांसाठी दोन रंगांच्या मध्ये आणखी अर्धी पायरी आहे, म्हणजे निम्मा पांढरा आणि निम्मा पिवळा असा पट्टा. आज त्या देशात ज्युदोचे पाच लाखांहून अधिक नोंदणीकृत खेळाडू आहेत आणि त्यांत मुलांचा भरणा मोठा आहे. मात्र पट्टा कमावलेला असावा. फी भरली की पट्टा मिळतो, हे मुलांना आपल्याआधी कळते आणि मग त्या रेवडीची गोडी जाते.

उलट टोकाचे उदाहरण जपानचेच आहे. 2022 मध्ये तिथल्या ज्युदो महासंघाने पाचवी-सहावीच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. मुलांना वजन घटवायला लावणे, पालकांनी कडेवरून ओरडणे, पंचांवर तुटून पडणे, असे प्रकार वाढले होते. ज्युदोच्या माहेरघराला ही पाळी आली. आपल्याकडे 2025च्या फेब्रुवारीत वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. पृथ्वीराज मोहोळ विजयी झाले, पण पंचांच्या निर्णयांवरून एवढा गदारोळ झाला की दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. कोणाचे चुकले, हा वाद जाणकारांनी सोडवावा. मैदानात बसलेली मुले हरणे म्हणजे काय याचा धडा तिथून घेऊन गेली, एवढे खरे. हार ही घरावरची आपत्ती आहे असे मुलाला वाटू लागले, की हरण्याआधीच ते खेळ सोडते.

दुसरी मोठी गळती आठवी-नववीत होते आणि तिच्यात मुलींची नावे आधी जातात. आमच्या मोहल्ल्यात तसे आणि शेजारच्या गल्लीतही तसेच. कारणे विचारली तर मुलीच्या मनाशी त्यांचा संबंध थोडाच असतो. कपडे बदलायला जागा नाही, शिकवणाऱ्यांत एकही बाई नाही, सरावाला जोडीची मुलगी नाही, परतताना अंधार पडतो. यातले बरेचसे पडदा लावून, वेळ बदलून आणि एखाद्या जुन्या मुलीला मदतनीस नेमून सुटते. ज्युदोचा पोशाख तर हातपाय पूर्ण झाकणारा असतो. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सौदी अरेबियाची वोजदान शाहरकानी डोके झाकून ज्युदो खेळली. 82 सेकंदांत ती हरली, पण तिच्या देशातून ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली महिला ठरली. ही गोष्ट मी मोहल्ल्यातल्या आयांना सांगतो, तेव्हा नकार थोडा सैल होतो.

रमजानमध्ये नातीच्या सरांनी वर्ग तासभर अलीकडे घेतला. रोजे धरणाऱ्या मुलांना त्यांनी गुण मोजण्याचे आणि घड्याळ लावण्याचे काम दिले. ईदनंतर त्यांतले एकही मूल गळाले नाही. पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. सोबत गेलेले मूल काही महिन्यांनी परतते, तेव्हा त्याचे नाव कापलेले असते. परत प्रवेश फी आणि परत पांढरा पट्टा म्हटल्यावर ते येईल कशाला? त्याचे नाव आणि पट्टा राखून ठेवायला पैसा लागत नाही. दहावीच्या मुलांनाही हाच न्याय लावावा. आठवड्यातून एकच दिवस, पण नाव चालू.

घरी आपण काय करावे? "आज जिंकलास का?" याऐवजी "आज कोणाबरोबर खेळलास? नवीन काय जमले?" असे विचारावे. ज्युदो एकट्याने शिकता येत नाही. आपले आणि सोबत्याचे दोघांचे भले व्हावे, हे कानो यांचे तत्त्वच आहे. त्यामुळे प्रत्येक मुलाची जोडी ठरलेली असावी आणि एक आले नाही तर दुसऱ्याने त्याच्या घरी जाऊन चौकशी करावी. नातीने गेल्या वर्षी एकदा वर्ग सोडायचा हट्ट धरला होता. तिची जोडीदारीण दोन दिवस दारात येऊन उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी दोघी मिळून गेल्या.

एवढे करूनही एखादे मूल सोडणारच. त्याला नीट पडता येऊ लागले असेल, तर त्याची फी वाया गेली असे मी मानणार नाही. सायकलवरून पडताना हनुवटी छातीला लावायचे त्याच्या अंगात भिनलेले असते. मात्र येत्या जूनमध्ये मुलाचे नाव घालताना वर्गाच्या भिंतीवरची पदके मोजत बसू नका. गेल्या जूनमध्ये आलेल्यांपैकी आज किती मुले येतात, एवढा एकच प्रश्न शिक्षकांना विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)