काळ्या खिडकीमागचं मार्वे

माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर मार्वे जेट्टीचा फोटो आहे. संध्याकाळची वेळ, खाडीचं मळकट पाणी, मनोरीकडे निघालेली बोट. त्यावर मी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडतो. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं उमटतात आणि त्यांच्या मागे, धुरकट काचेपलीकडे असावी तशी, ती बोट दिसत राहते. मालाडच्या एका लहान खोलीत, जुन्या यंत्रावर लिनक्स चालवताना हलकं आणि पारदर्शक टर्मिनल शोधायला निघालो होतो. शोधता शोधता कळलं, की तिथे काच नाहीच.

पडद्यावर एका जागी एकच पिक्सेल असतो, त्याच्या मागे दुसरा दडलेला नसतो. मग बोट दिसते ती निव्वळ गणिताने. टर्मिनलचा काळा रंग ८५ टक्के घ्यायचा, फोटोतला रंग १५ टक्के. आकाशाच्या निळ्याची किंमत २०० आणि काळ्याची शून्य असेल, तर पडद्यावर उमटतात ३०. डोळा त्या ३० कडे बघून म्हणतो, ‘मागे आकाश आहे.’ थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी लुकासफिल्ममध्ये असताना अशा मिश्रणाचे नियम १९८४ साली मांडले, ते चित्रांचे थर एकमेकांत बेमालूम बसवण्यासाठी. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर, तीन रंगांसाठी, सेकंदाला ६० वेळा सगळं नव्याने मिसळायचं झालं, तर अठरा कोटींहून जास्त मिश्रणं होतात! प्रत्यक्षात जिथे काही बदललं तेवढाच तुकडा पुन्हा मिसळला जातो, म्हणून जुनं यंत्रही तग धरतं.

त्याच १९८४ साली एक्सटर्मही जन्मलं, लिनक्सवरच्या टर्मिनलांचं थोरलं भावंड. पारदर्शकतेचं वेड नंतरच्या पिढीचं. एटर्म, आरएक्सव्हीटी या टर्मिनलांनी एक विलक्षण युक्ती केली: वॉलपेपरचा आपल्या खाली येणारा तुकडा नेमका कापायचा आणि स्वतःची पार्श्वभूमी म्हणून लावायचा. खिडकी सरकवली की तुकडाही नवा. मध्ये दुसरी खिडकी आली, तर मात्र ती दिसत नाही, थेट वॉलपेपरच दिसतो. तरीही मला ही युक्ती फार आवडते. अगदी थोड्या खर्चात ती डोळ्यांना पटते.

खरी पारदर्शकता २००४ च्या सुमारास आली. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स प्रणालीत अशी सोय झाली, की प्रत्येक खिडकी थेट पडद्यावर न उमटता आधी मेमरीत बाजूला रंगवली जाते आणि कंपोझिटर नावाचा एक प्रोग्राम सगळ्या खिडक्या मिसळून अंतिम चित्र तयार करतो. पिकॉम हा असाच एक कंपोझिटर. एक्सची जागा घेणाऱ्या नव्या वेलँडमध्ये तर कंपोझिटर नसेल तर पडदाच नाही.

तेव्हा टर्मिनल निवडताना पहिला प्रश्न हा, की मिसळणार कोण आणि काय? कंपोझिटरला अख्खी खिडकी पुसट करायला सांगितलं, तर अक्षरंही फिकी पडतात आणि तासाभरात डोळे दुखू लागतात. एक्सटर्मच्या बाबतीत तोच मार्ग उरतो. यूआरएक्सव्हीटी किंवा फूट ही टर्मिनलं मात्र फक्त पार्श्वभूमी विरळ करतात, अक्षरं ठसठशीत ठेवतात. दोन्ही हलकी. दोन्हींत एकच प्रोग्राम मागे चालू ठेवून त्यातून हव्या तेवढ्या खिडक्या उघडता येतात. मात्र तो मूळ प्रोग्राम कोसळला तर सगळ्या खिडक्या एकदम जातात. अलाक्रिटी आणि किटी ही टर्मिनलं ग्राफिक्स चिपवर अक्षरं रंगवतात. किटी लिहिणारे कोविद गोयल आपल्याकडचे, ई-पुस्तकं वाचणाऱ्यांच्या ओळखीचं कॅलिबरही त्यांचंच. पण वेगवान म्हणजे हलकं नव्हे, जुन्या यंत्रावर मी या दोन टर्मिनलांच्या वाटेला जात नाही.

माझी शेवटची परीक्षा वेगळीच आहे. टर्मिनलमध्ये ‘क्षितिज’ टाइप करून बघायचं. टर्मिनल हे चौकोनी खणांचं जाळं असतं. १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनल-यंत्रात ८० स्तंभ आणि २४ ओळी होत्या, आणि एका खणात एक रोमन अक्षर चपखल बसे. ‘क्षितिज’मध्ये संगणकाच्या हिशेबाने ७ चिन्हं आहेत, आपल्या डोळ्यांना ३ अक्षरं. त्यातली ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, दिसते मात्र आधी. बऱ्याच टर्मिनलांत हा शब्द विस्कटतो. आपल्या लिप्या असल्या खणांत बसवण्याचा खटाटोप आयआयटी कानपूरला सुरू झालेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाने केला होता, युनिकोड सर्वत्र पोचण्याच्या कितीतरी आधी. त्या काळातली इस्की ही संकेतपद्धती १९९१ साली भारतीय मानक झाली, आणि एमएलटर्म नावाचं एक बहुभाषी टर्मिनल तिला आजही ओळखतं.

ते एमएलटर्मच मी ठेवलं आहे. त्याला पारदर्शकताही येते. अक्षरं नीट जुळवणारी ओपनटाइपची सोय चालू केली, देवनागरी फाँट दिला आणि पार्श्वभूमी ९० टक्के गडद ठेवली. ‘क्षितिज’ सलग, वेलांट्यांसकट उमटलं, आणि त्याच्या मागे, अगदी पुसट, मनोरीची बोट.